बोटाएवढी जागा

आक्कांच्या घरी वरची खोली भाड्याने घेतली त्याच आठवड्यात मी त्यांना म्हणाले, "आक्का, माझं एक चित्र काढा ना." मी आपलं गोड बोलायचं म्हणून बोलले होते. नवी घरमालकीण, तीही चित्रं काढणारी, म्हटलं थोडं लोणी लावून ठेवावं. आक्कांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "तुले काय घाई शे?"

मला वाटलं, हाताशी काम बरंच असेल. त्या बोलण्याचा खरा अर्थ कळायला मला चार महिने लागले, आणि कळल्यावर मी ती विनंती पुन्हा केली नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. माहेर सांगलीकडचं, नोकरी नाशकात. आक्कांची अहिराणी मला पहिल्यांदा अर्धीच कळायची, उरलेली मी त्यांच्या हातवाऱ्यांवरून लावून घ्यायचे. त्या बागलाणातल्या, नामपूरजवळच्या एका खेड्यातल्या. नवरा लवकर गेला. एकुलत्या मुलाने पिकअप गाडी घेतली, कांद्याची भाडी मारली आणि सातपूरला हे छोटं रो-हाऊस घेऊन आईला आणि बायकोला शहरात आणलं. मी राहायला गेले तेव्हा घरात दोघीच होत्या, आक्का आणि त्यांची सून. सून माझ्याहून चार वर्षांनी मोठी, देवळ्याकडची, कंपनीत पॅकिंगला जायची. तिला मी वहिनी म्हणायचे. मुलगा कुठे आहे हे मी विचारलं नव्हतं, पण वहिनींच्या गळ्यात मंगळसूत्र होतं आणि आक्का बोलताना "धाकला येई तधय" असं म्हणायच्या, म्हणजे धाकटा येईल तेव्हा. एकुलत्याला धाकटा का म्हणतात, हेही मी विचारलं नाही; लाडाचं नाव असेल, म्हटलं.

आक्कांना चित्र काढायला कोणी शिकवलं नव्हतं. शाळेत त्या गेल्याच नव्हत्या. हे सगळं आखाजीपासून सुरू झालं. अक्षय्य तृतीयेला त्यांच्याकडे आखाजी म्हणतात. त्या दिवशी पाण्याने भरलेली घागर पितरांच्या नावाने मांडतात, वर खरबूज आणि सांजोरी ठेवतात, आणि घरातून गेलेल्या एकेकाचं नाव घेत उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवतात. जितकी माणसं तितकी बोटं. गावच्या घराला हातभर रुंद सागवानी उंबरठा होता, त्यावर चार पिढ्या मावायच्या. नाशकाच्या घराला बिल्डरने बसवलेली चार इंचाची ग्रॅनाइटची पट्टी. पहिल्याच आखाजीला सासू-सासऱ्यांपर्यंत यायच्या आतच जागा संपली, आणि उमटलेलं कुंकूही दुपारपर्यंत पुसलं गेलं. मग त्यांनी शेजारच्या फर्निचरवाल्याकडून प्लायवुडचा तुकडा आणला, कुंकू तेलात कालवलं आणि उरलेली माणसं त्यावर उमटवली. संध्याकाळी त्या बोटांकडे बघता बघता त्यांना वाटलं, सासूला पदर नाही, बरं दिसत नाही. म्हणून पदर काढला. सासूला पदर दिल्यावर सासऱ्याला पागोटं द्यावंच लागलं. नणंदेच्या कडेवर पोर होतं, ते राहिलं असतं तर ती रुसली असती. पुढे घर आलं, बैल आले, आड आला, आणि आक्का थांबल्याच नाहीत.

काम करायची पद्धत त्यांची त्यांनीच ठरवलेली. प्लायवुड जमिनीवर आडवं टाकायचं आणि चारी बाजूंनी फिरत काढायचं. त्यामुळे निम्मी माणसं सुलटी, निम्मी उलटी, आणि चित्राला वर-खाली असं काही नसायचंच. खिळा ज्या बाजूला बसेल त्या बाजूने ते टांगायचं. कुठलंही माणूस आधी कुंकवाचं एक बोट असायचं. ते वाळलं की त्यावर हार्डवेअरच्या दुकानातला ऑइल पेंट निंबाच्या काडीने चढायचा. दुपारी एक ते तीन हीच वेळ. मी सुट्टीच्या दिवशी घरी असले की खालून त्यांचा आवाज यायचा, "सरक बाई. अजून सरक. त्याले बी बसू दे." मी एकदा वहिनींना विचारलं, आक्का कोणाशी बोलतात? वहिनी म्हणाल्या, "गर्दी लय होती ना त्यांच्याकडं."

सगळ्यात मोठं चित्र लग्नाचं होतं, जुन्या कपाटाच्या दारावर काढलेलं. मांडव, वाजंत्री, आणि जेवायला बसलेल्या पंगतीच पंगती. मला ते फार आवडायचं. एका रविवारी मी आक्कांना म्हटलं, ओळख तरी करून द्या. त्या बोट ठेवून सांगू लागल्या. "हाऊ मना सासरा. हाई मनी नणंद, इहिरमा पडनी. हाऊ वाजावाला, त्याले साप चावना." नणंद विहिरीत गेलेली, नवरी बाळंतपणात. नवरदेव मागाहून तापाने. आचारी, भटजी, मांडवाच्या कडेला लिंबू-सरबत देणारी मुलगी, एकेकाचं नाव आणि कशाने गेला ते, भाजीवाली भाव सांगते तितक्या सहज. मी पन्नास-साठ माणसांपर्यंत ऐकलं आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"आक्का, या लग्नात जिवंत कोणीच नाही?"

"जित्त्यासले कसाले काढू? त्या ते रोज दिसतस."

जिवंत माणसं रोज दिसतात, ती कशाला काढायची. तेव्हा मला "तुले काय घाई शे" कळलं. मी हसले आणि वर खोलीत येऊन दार लावून घेतलं.

तरी मी त्या घरात राहिले. जागा चांगली, शाळा जवळ, आणि खरं सांगायचं तर आक्कांचा मला लळा लागला. दुसऱ्या वर्षी माझे वडील गेले. तेरावं करून परत आले तेव्हा आक्कांनी मला लग्नाच्या चित्रापुढे नेलं. पंगतीत त्यांच्या सासऱ्यांच्या शेजारी एक नवा माणूस बसला होता. पांढरा सदरा, डोक्याला काही नाही. "एकला नको म्हनीसन मना सासराजोडे बसाडं," त्या म्हणाल्या. मी बघत राहिले. पांढरा सदरा काय, कोणीही घालतं. पण तो माणूस डाव्या हाताने जेवत होता. माझ्या वडिलांची उजव्या हाताची तीन बोटं गिरणीच्या पट्ट्यात गेली होती, तेव्हापासून ते डाव्या हाताने जेवायचे, आणि त्यांना त्याची इतकी लाज होती की आम्ही घरातली माणसं बाहेर ते कधी बोलायचो नाही. मी आक्कांना सांगितलं असेल कधीतरी. असेलच. मला मात्र आजतागायत तसं आठवलेलं नाही. त्या दिवशी मी आक्कांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, हे आठवतं.

चित्रांची कीर्ती थोडीशी बाहेर गेली तो दोष माझा. मी मोबाइलवर फोटो काढून शाळेच्या चित्रकला-शिक्षकांना दाखवले, त्यांनी ते शहरातल्या एका नावाजलेल्या चित्रकाराला दाखवले, आणि ते गृहस्थ एक दिवस गाडी घेऊन दारात हजर. तासभर ते जमिनीवर बसून बघत होते. "यांना कोणी शिकवलं नाही हे फार बरं झालं," असं दोनदा म्हणाले. लग्नाचं चित्र त्यांना प्रदर्शनाला हवं होतं. आक्का म्हणाल्या, "आते पंगत बसेल शे. जेवन व्हवू दे, मंग लई जा." गृहस्थ हसले. पंधरा दिवसांनी परत आले आणि मोठ्या खुशीत विचारलं, "काय आक्का, झालं का जेवण?" आक्का गंभीरपणे म्हणाल्या, "भात वाढी राहिनात."

जाताना त्यांनी मला फाटकाशी थांबवलं. "तुमच्या एक लक्षात आलंय का? या बाई प्रत्येक चित्रात एक जागा कोरी सोडतात. बोटाएवढी. सगळी माणसं तिला वाट देऊन उभी आहेत." ते त्यानंतर आले नाहीत.

मी त्या संध्याकाळी सगळी चित्रं पाहिली. खरंच होतं. रंगाने गच्च भरलेल्या फळीवर कुठेतरी एक उघडं लाकूड. आणि आसपासची माणसं मान वळवून तिकडे बघताहेत, बैलसुद्धा. मी विज्ञानवाली, मला स्वस्थ बसवेना. कोणतं चित्र कधीचं ते वहिनींना विचारून मी सगळी ओळीने मांडली. पहिल्यात ती जागा गावाबाहेर दूर, सडकेच्या टोकाला. दुसऱ्यात नदीच्या पुलावर. मग बाजारात. मग मारुतीच्या पाराशी. गेल्या वर्षीच्या चित्रात ती आक्कांच्या गल्लीत वळली होती.

"ई राहिना तो," मागून आक्का म्हणाल्या. येतोय तो. मी फळ्या होत्या तशा पुन्हा भिंतीला लावल्या.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी कपडे वाळत घालताना मला सगळं सांगितलं. मुलगा कांदा भरून गुजरातकडे निघाला होता. गाडी घाटाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उभी सापडली, किल्ली लावलेली, माल जसाच्या तसा. माणूस नाही. आठ वर्षं शोध झाला. गावकीचे लोक आक्कांना म्हणाले, आता त्याच्या नावाने बोट लावा, पाणी द्या. आक्कांनी त्यांना दारात उभं केलं नाही. कायद्याने सात वर्षांनी वहिनी मोकळ्या होऊ शकल्या असत्या, पण त्या कायद्याने बांधलेल्या नव्हत्या. सासूने मुलाला पाणी दिल्याशिवाय मंगळसूत्र काढायचं नाही, असा त्यांनीच शब्द दिला होता, पहिल्या वर्षी, रडण्याच्या भरात.

आणि आता त्यांच्या कंपनीत एक माणूस होता. बायको वारलेली, सरळ, कमी बोलणारा. माझ्या तिसऱ्या वर्षी तो एका रविवारी आपल्या बहिणीला घेऊन रीतसर विचारायला आला. आक्कांनी चहा केला, बिस्किटं ठेवली, त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तिना नवरा जित्ता शे." तो माणूस उठला, आक्कांच्या पाया पडला आणि गेला. वहिनींनी कप धुतले. पुसून ठेवले. पुन्हा काढले आणि पुन्हा धुतले.

"पाचशे माणसं बसवली त्यांनी लाकडावर," त्या मला म्हणाल्या. "एक बोटाएवढी जागा मोकळी ठेवली. अन् तिच्यात मीच अडकली, बाई."

मला राहवलं नाही. माझ्या अंगात समाजसुधारक शिरला की तो लवकर निघत नाही. मी खाली जाऊन आक्कांना चांगलं सुनावलं. म्हटलं, तुमच्या आशेपायी हिचं आयुष्य चाललंय. मेलेल्यांची इतकी काळजी करता, या जिवंत पोरीची कोण करणार? आक्का ऐकत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "जित्त्या पोऱ्याले पानी कसं देऊ?" त्यांचा आवाज इतका लहान झाला होता की मला माझीच लाज वाटली.

महिन्याभराने आखाजी आली. दुपारी बाराच्या सुमारास आक्कांनी घागर मांडली आणि शेजारी एक लहान नवं मडकं मांडलं. नवं मडकं नव्याने गेलेल्या माणसाचं असतं, हे मला तोवर माहीत झालं होतं. वहिनींनी दाराची चौकट घट्ट धरली. आक्का एकेक नाव घेत उंबरठ्यावर बोट उमटवत गेल्या, सासरा, सासू, नणंद, नवरा. मग त्यांनी बोट पुन्हा कुंकवात बुडवलं, ग्रॅनाइटवर टेकवलं आणि स्वतःचं नाव घेतलं.

"मी देखी येस," त्या वहिनींना म्हणाल्या. "तठे व्हई ते सांगस."

तिथे आहे का ते बघून येते. सोलापूरला जाऊन येते म्हणावं तसं.

पुढचं वर्षभर आक्का मेलेल्या होत्या. हे मी हसत सांगते, पण तेव्हा हसू यायचं तसं अंगावर काटाही यायचा. हाक मारली तर ओ द्यायच्या नाहीत. गॅस सिलिंडरवाल्याने "आक्का आहेत का?" विचारलं तर त्या स्वतःच "नई शेत" म्हणून सांगायच्या आणि सिलिंडर आत घ्यायच्या. मतदानाची चिठ्ठी आली ती त्यांनी परत केली, मेल्या माणसाने मत देऊ नये म्हणून. पुढच्या उंबरठ्यावर आपल्या नावाचं बोट लागलंय, तो आता ओलांडायचा नाही, असा नियम त्यांनी केला आणि धुण्याच्या दगडाकडच्या मागच्या दारानेच ये-जा सुरू केली. चित्र काढणं बंद. पण दुपारी एक ते तीन त्या भिंतीशी उभ्या राहायच्या, चित्राला नाक लागेल इतक्या जवळ. एकेका माणसावर बोट ठेवून विचारायच्या, "मना पोऱ्या देखा का?" मग उत्तराला लागेल तेवढा वेळ गप्प. मग "बरं," म्हणून बोट पुढच्यावर. मी जिन्यात उभी राहून हे ऐकलेलं आहे. त्या गप्प असायच्या तेवढा वेळ सारखा नसायचा. कोणाजवळ त्या लगेच पुढे सरकायच्या, कोणाजवळ बराच वेळ थांबून मधूनच "हं, हं" करायच्या.

पाचशे माणसं विचारून व्हायला वर्ष लागलं.

पुढच्या आखाजीला आक्कांनी पुन्हा नवं मडकं मांडलं आणि उंबरठ्यावरची आपल्या नावाची जागा ओल्या फडक्याने पुसली. मग गल्लीचं ते चित्र जमिनीवर आडवं घातलं, कुंकू कालवलं, आणि उंबरठ्यावर एकदा, मग त्या कोऱ्या जागेवर बोट टेकवून मुलाचं नाव घेतलं. बोट उचलायला त्यांना फार वेळ लागला.

"भेटना माले," त्या वहिनींकडे वळून म्हणाल्या. "तठे शे तो. जाय आते, बेटा."

तो भेटला, हे ऐकून वहिनी दहा वर्षांचं एकदम रडल्या. दीड महिन्याने त्यांचं रजिस्टर लग्न झालं. साक्षीदार म्हणून माझी सही आहे. आक्कांनी हिरवी साडी स्वतः निवडली, ओटी भरली, आणि रिक्षा वळेपर्यंत फाटकात उभ्या राहिल्या.

घरात आलो तर घर केवढं तरी मोठं झालेलं. मी म्हटलं, "आक्का, फार मोठं काम केलंत. आणि तो भेटला, तुमच्याही जिवाला शांती मिळाली."

आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "तठे नई तो. समदासले इचारं मी. कोनीच नई देखा."

मी विचारलं, "मग बोट का लावलंत?"

"एक जीव आठे बी व्हता ना."

एक जीव इथेही होता. मी त्यांच्याशेजारी खाली बसले. त्यांच्या लेखी मुलगा जिवंत होता, आणि सुनेसाठी त्यांनी आपल्या हाताने त्याला पाणी दिलं होतं. आपणच सव्वा वर्षापूर्वी या बाईला जिवंत पोरीची काळजी करायला शिकवायला निघालो होतो, हे आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आक्का म्हणाल्या, "त्याना नावनं बोट लागनं. पुढला दारथून आते त्याले येता येवाव नई. मांगला दारले कडी लावू नको."

तेव्हापासून मागचं दार नुसतं लोटलेलं असायचं. शेजारणींनी चोरांची भीती घातली, मीही एकदोनदा बोलून पाहिलं, पण आक्का ढिम्म. शेवटी मलाच सवय झाली. झोपण्याआधी मी खाली येऊन बघायचे, कडी लागलेली नाही ना.

पुढच्या वर्षी वहिनींना मुलगी झाली. बारशाला आक्का आणि मी बरोबरच गेलो. निघताना पुढच्या दाराला मी कुलूप घातलं, किल्ली माझ्या पर्समध्ये. मागचं दार नेहमीप्रमाणे लोटलेलं. आक्कांनी पाळण्याची दोरी धरली, पोरीच्या कानात नाव सांगायचा मान वहिनींनी त्यांनाच दिला. आक्का त्या दिवशी खूप हसल्या. दुपारी तीनच्या सुमारास आम्ही घरी परतलो. आभाळ भरून आलं होतं म्हणून मी दोरीवरचे कपडे काढायला तशीच मागे गेले, आणि कपड्यांचा बोजा हातात घेऊन खांद्याने दार ढकललं.

दार उघडलं नाही. पुन्हा ढकललं. आतून कडी लागली होती.

वाऱ्याने लागली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण ती लोखंडी आडवी कडी होती, गंजलेली. हाताने सरकवायची म्हटली तरी दोन्ही हात लावावे लागायचे. मी पुढे येऊन आक्कांना सांगितलं. मला वाटलं घाबरतील, शेजाऱ्यांना हाक मारायला सांगतील. आक्कांनी पदर नीट केला, माझ्याकडून किल्ली घेतली, कुलूप उघडलं. चपला बाहेर काढल्या. "तू वर जाय," म्हणाल्या.

जिना बाहेरूनच होता. मी वर गेले, खोलीचं दार उघडं ठेवून पलंगाच्या कडेवर बसले. खालून आक्कांचा आवाज आला. चित्रांशी बोलायच्या तो आवाज नव्हता. थकून आलेल्या माणसाशी बोलावं तसा होता.

"जेवना का?"

जेवलास का, यावर काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने गॅस पेटला, आणि परातीत भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला. आक्का स्वतःपुरती एकच भाकरी करायच्या. मी मोजत होते. दुसरी झाली, तिसरी झाली, चौथी थापत होत्या. खाली जाऊन एकदा डोळ्यांनी बघून येणं, हेच शास्त्राला धरून झालं असतं. मी गेले नाही.